कलमांचा तक्ता बाजूला ठेवा, आधी तारखा लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे वकील २०२३ मध्ये एलएल.बी. झाले आणि तालुका न्यायालयात एका सिनिअरांकडे काम शिकत आहेत. कॉलेजात भारतीय दंड संहिता, सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) आणि पुरावा कायदा पाठ केला, आणि सनद हातात येऊन काम सुरू होतं न होतं तोच तिन्ही कायदे बदलले: त्यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. सिनिअर अजून ३०२ आणि ४२० च्या भाषेत बोलतात, पोलीस नव्या कलमांत लिहितात, आणि बोर्डावर, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या यादीत, दोन्ही प्रकारच्या केसेस असतात. नव्या कायद्याची तयारी कुठून सुरू करावी, चेकच्या केसेसमध्ये काय बदललं, आणि न्यायाधीशपदाच्या परीक्षेचं गणित आता काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी २७ वर्षं जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मुख्यतः फौजदारी काम करते आहे. माझ्याकडे येणारे ज्युनिअर पहिल्याच दिवशी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता मोबाइलमध्ये घेऊन येतात. तक्ता हवाच, पण त्यावर अभ्यास उभा करू नका. तक्ता एका आकड्यासमोर दुसरा आकडा ठेवतो. कायद्याच्या पोटात काय बदललं, ते त्यात दिसत नाही. आणि आकडे फसवतात. भारतीय न्याय संहितेत खून कलम १०३ मध्ये आहे, आणि कलम ३०२ आहे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांबद्दल. गावात १४४ म्हणजे जमावबंदी हे लहान पोरालाही ठाऊक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जमावबंदी कलम १६३ मध्ये गेली आणि १४४ वर जुन्या १२५ ची पोटगी आली. सगळ्यांत जास्त घोटाळा ४८२ चा होतो. जुन्या कायद्यात ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करण्याचा अर्ज. नव्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. जुन्या निवाड्यात ‘४८२ खाली’ असं वाचून तो अटकपूर्व जामिनाच्या अर्जात डकवलेला मी स्वतः पाहिला आहे. समोरच्या वकिलांनी ते दाखवलं तेव्हा त्या मुलाचा बाकीचा चांगला युक्तिवादही न्यायाधीशांच्या मनातून उतरला.

म्हणून तयारीची सुरुवात तारखांपासून करा. केस हातात आली की वकीलपत्राच्या आतल्या बाजूला दोन तारखा लिहा: गुन्हा कधी घडला आणि कार्यवाही कधी सुरू झाली. १ जुलै २०२४ ही रेषा, कारण नवे कायदे त्या दिवशी लागू झाले. शिक्षा कोणत्या कायद्याखाली, हे गुन्ह्याच्या तारखेवर ठरतं, कारण संविधानाचं अनुच्छेद २०(१) मागाहून आलेल्या कायद्याने जास्त शिक्षा देऊ देत नाही. उदाहरण सोपं आहे. ३० जून २०२४ च्या रात्री निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा मृत्यू झाला असेल तर जुनं कलम ३०४-अ, जास्तीत जास्त दोन वर्षं. तोच अपघात मध्यरात्रीनंतर घडला असेल तर न्याय संहितेचं कलम १०६(१), जास्तीत जास्त पाच वर्षं. (त्याच कलमाचं दुसरं पोटकलम, म्हणजे अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं, १ जुलैला लागू केलंच नाही. ज्या तरतुदीवरून ट्रकचालकांनी संप केला होता, ती हीच.)

प्रक्रियेचं मात्र वेगळं आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३१ सांगतं की १ जुलै २०२४ च्या आधी जे अपील, अर्ज, खटला, चौकशी किंवा तपास प्रलंबित होता, तो जुन्या सीआरपीसीप्रमाणेच पुढे चालेल. जो तपास त्या दिवसानंतर सुरू झाला, तो नव्या प्रक्रियेने. त्यामुळे पतसंस्थेत २०२२ मध्ये पैसे बुडाले आणि गुन्हा २०२५ मध्ये नोंदला गेला, तर कागदावर दंड संहितेचं ४२० आणि नागरिक सुरक्षा संहितेचं १७३ शेजारी शेजारी दिसेल, आणि त्यात काहीही चुकीचं नाही. सासरच्या छळाच्या केसेसमध्ये तर छळ २०२१ पासून २०२५ पर्यंत चाललेला असतो. तिथे फिर्यादीतली कोणती घटना कोणत्या तारखेची, हे वेगळं काढल्याशिवाय दंड संहितेचं ४९८-अ लावायचं की न्याय संहितेचं ८५, हे सांगताच येत नाही. एफआयआर आधीचा, पण अटकपूर्व जामिनाचा अर्ज १ जुलैनंतरचा, असा प्रश्न आला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने अर्ज नव्या संहितेखाली धरला. सगळ्या उच्च न्यायालयांनी या संक्रमणाकडे एकाच नजरेने पाहिलेलं नाही, म्हणून दुसऱ्या राज्याचा निवाडा उचलण्याआधी आपल्या उच्च न्यायालयाचा शोधा.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले तो भाग: अटकेचे पहिले तास. नव्या ज्युनिअरांना वाटतं की खरी वकिली उलटतपासात असते. माझा अनुभव आता असा आहे की निम्मी केस पहिल्या रिमांडला, म्हणजे पोलीस कोठडी मागायला आरोपीला पहिल्यांदा न्यायालयात आणतात तेव्हा, ठरते, आणि तिथे सिनिअर नसतात, तुम्ही असता. रविवारी संध्याकाळी सुट्टीच्या न्यायालयात आरोपीला हजर करतात तेव्हा सिनिअर गावाला गेलेले असतात.

अटकेची कारणं लेखी द्यायची की नाही, यावर गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने पायरी-पायरीने कायदा बांधला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंकज बन्सल प्रकरणात ईडीच्या अटकेबाबत, मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याबाबत, फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार प्रकरणात संविधानाच्या अनुच्छेद २२(१) च्या पायावर, जो अटकेची कारणं कळण्याचा हक्क देतो. मग ६ नोव्हेंबर २०२५ ला आला मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य. वरळीच्या अपघात प्रकरणातून निघालेला हा निवाडा आपल्या रोजच्या कामाचा आहे, कारण तो फक्त विशेष कायद्यांपुरता नाही, प्रत्येक गुन्ह्याला लागू आहे. त्याचं सार असं: अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. त्या क्षणी लेखी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि पुढचा रिमांड बेकायदा.

यातले ‘समजणाऱ्या भाषेत’ हे शब्द नीट वाचा. आपल्या पोलीस ठाण्यांत छापील मराठी नमुना असतो. चाकणच्या कारखान्यात काम करणारा बिहारचा कामगार, गडचिरोलीतला गोंडी बोलणारा, मेळघाटातला कोरकू बोलणारा माणूस त्या मराठी कागदावर अंगठा उठवतो आणि कागद फाइलला लागतो. रिमांडच्या वेळी मी आधी आरोपीलाच विचारते, ‘हा कागद तुम्हाला वाचून दाखवला का? कोणत्या भाषेत? किती वाजता?’ आणि त्याचं उत्तर रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, यावं असा अर्ज देते. तोंडी हरकत हवेत जाते. अर्ज एका पानाचा असला तरी चालेल, हाताने लिहिलेला असला तरी चालेल, पण त्यावर निशाणी क्रमांक, म्हणजे न्यायालयाचा दाखल कागदाचा क्रमांक, पडला पाहिजे.

दुसरी गोष्ट, ‘अटकेची कारणं’ या नावाखाली जे दिलेलं असतं ते पुष्कळदा अटकेची गरज असते: आरोपी पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांवर दबाव आणेल. हे कोणत्याही आरोपीला लागू पडतं. पुरकायस्थ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला आहे. कारणं म्हणजे या माणसाने काय केलं असं पोलिसांचं म्हणणं आहे, त्याची त्याच्यापुरती वस्तुस्थिती. छापील नमुन्यातल्या चौकटींवर खुणा केल्या म्हणजे ते झालं असं होत नाही.

पण या मुद्द्याचं ओझं किती, हेही समजून घ्या. कारणं लेखी दिली नाहीत म्हणून आरोपी सुटला तरी पोलीस ती लेखी देऊन पुन्हा कोठडी मागू शकतात, तशी मुभा मिहिर शाह निवाड्यातच आहे. अशिलाला ‘केस संपली’ असं सांगू नका. तो घरी जाऊन पेढे वाटतो आणि आठवड्याने पुन्हा आत जातो, मग त्याच्या बायकोला तोंड तुम्हाला दाखवावं लागतं.

अटकेआधीची पायरी म्हणजे कलम ३५(३) ची नोटीस, जुनी ४१-अ ची: अटक न करता पोलिसांपुढे हजर राहायला सांगणारी. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आणि त्याच वर्षी पुढे ते बदलायला नकारही दिला. तरी अशील व्हॉट्सॲपची नोटीस घेऊन आला तर ‘जाऊ नका’ असा सल्ला देऊ नका. पोलीस ठाण्यात लेखी उत्तर द्या, नोटीस रीतसर मिळाली नाही हे नोंदवा आणि हजर राहायची तयारी दाखवा. नंतर अटकपूर्व जामिनाच्या अर्जात तेच पत्र तुमचा सगळ्यांत भक्कम कागद ठरतं. साठी ओलांडलेल्या किंवा आजारी माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. कलम ३५(७) मधली ही तरतूद नवी आहे आणि फारच कमी वकील ती वापरतात. चौकशी सुरू असताना वकिलाला भेटण्याचा आरोपीचा हक्क कलम ३८ मध्ये आहे. ठाणे अंमलदाराशी वाद घालू नका. कलमाचा उल्लेख करून अर्ज द्या, पोच मागा. पोच दिली नाही तर तोच अर्ज ठाण्याच्या ईमेलवर पाठवा. वेळ आपोआप नोंदली जाते.

कोठडीच्या बाबतीत मात्र नव्या संहितेने आरोपीची बाजू कमकुवत केली आहे, आणि हे मला मनापासून खटकतं. अनुपम कुलकर्णी प्रकरणापासून, म्हणजे १९९२ पासून, आपण धरून चाललो होतो की पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच. एकदा न्यायालयीन कोठडी झाली आणि पंधरा दिवस उलटले की जामिनाचा रस्ता मोकळा. कलम १८७ मध्ये दिवस पंधराच आहेत, पण ते सलग किंवा तुकड्या-तुकड्यांनी, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही घेता येतात: साठ दिवसांत दोषारोपपत्र देण्याच्या गुन्ह्यात चाळीस, नव्वदच्या गुन्ह्यात साठ. परिणाम काय होतो? आरोपीला न्यायालयीन कोठडी मिळते, आपण जामीन अर्ज टाकतो, आणि सरकारी वकील ‘अजून कोठडीचे सहा दिवस शिल्लक आहेत’ असं म्हणणं देतात. आरोपी एरवी जामिनाला पात्र असेल तर पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते एवढ्यावरून जामीन नाकारता येणार नाही, असं कलम ४८० सांगतं, पण ते दाखवून द्यावं लागतं. म्हणून लढाई प्रत्येक रिमांडला लढावी लागते. प्रत्येक पोलीस कोठडीचे दिवस मोजून डायरीत लिहा. दुसऱ्यांदा कोठडी मागितली की पहिल्या रिमांड रिपोर्टची नक्कल शेजारी धरा. बहुतेक वेळा कारणं तीच असतात, शब्दही तेच. पहिल्या चार दिवसांत याच कारणासाठी कोठडी होती, त्यात काय केलं, एवढंच विचारा. चांगले दंडाधिकारी हा प्रश्न तपासी अंमलदाराला स्वतः विचारतात.

साठ किंवा नव्वद दिवस पूर्ण झाले आणि दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; एकसष्टाव्या किंवा एक्याण्णवाव्या दिवशीच त्याचा अर्ज टाका. दिवस पहिल्या रिमांडच्या तारखेपासून मोजायचे. सकाळी कोर्ट उघडताच लिपिकाकडे जाऊन दोषारोपपत्र दाखल नाही, हे रजिस्टरमधून पाहून घ्या, आणि अर्जावर वेळ टाकून घ्या. या हक्कात तास मोलाचे असतात.

जे आधीच वर्षानुवर्षं आत आहेत त्यांच्यासाठी कलम ४७९ वाचा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला कच्चा कैदी (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की जातमुचलक्यावर सुटू शकतो. इतरांसाठी तो काळ निम्मा आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असली तरी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ १ जुलैच्या आधीच्या केसेसमधल्या कैद्यांनाही दिला. अर्ज तुरुंग अधीक्षकांनी करायचा आहे, पण त्याची वाट पाहू नका. तालुक्यातल्या चोरीच्या केसेसमध्ये ज्यांचा वकीलच येत नाही अशी मुलं आत पडून असतात. विधी सेवा समितीच्या यादीत नाव नोंदवा आणि अशा दोन-तीन फाइल मागून घ्या. शिकायला आणि कामाला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

आता पुराव्याकडे. आपल्या जालन्याचं एक प्रकरण देशभरातल्या प्रत्येक वकिलाला पाठ असावं लागतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत भरला की नंतर, यावर वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. त्यातून अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा निवाडा जुलै २०२० मध्ये आला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र अनिवार्य. ते ज्याच्याकडे आहे तो देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवायचं. आणि खटला संपण्याआधी ते दाखल करता येतं. भारतीय साक्ष्य अधिनियमात ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. तत्त्व तेच राहिलं, पण कागद बदलला. परिशिष्टातल्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत. भाग ‘अ’ नोंद दाखल करणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. आणि दोन्हींत त्या फाइलची हॅश व्हॅल्यू हवी.

हॅश म्हणजे काय, हे कळल्याशिवाय उलटतपास घेऊ नका. फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेला तो एक ठसा असतो. व्हिडिओतलं एक सेकंद कापलं तरी ठसा बदलतो. त्यामुळे पंचनाम्याच्या दिवशी काढलेली हॅश आणि कोर्टात पेन ड्राइव्ह उघडल्यावरची हॅश जुळली पाहिजे. मी हे एका संगणकाच्या शिक्षकाकडून दोन संध्याकाळी बसून शिकले. तुम्हीही कोणाकडून तरी स्वतःच्या लॅपटॉपवर एकदा काढून बघा. भाग ‘ब’ वर सही करणारा माणूस असा निवडा जो दोन वर्षांनी पिंजऱ्यात उभा राहून हे सांगू शकेल. झेरॉक्सच्या दुकानातून सही आणली तर उलटतपासात प्रमाणपत्र टिकत नाही.

पण प्रमाणपत्राच्याही आधी मूळ वस्तू जिवंत राहिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका मारहाणीच्या केसमध्ये माझा अशील त्या वेळी दुसऱ्याच दुकानात होता. त्या दुकानात कॅमेरा होता. मी जामिनाच्या धावपळीत राहिले आणि डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राची, आठवण महिनाभराने झाली. तोवर त्यावर नवं चित्रीकरण चढलं होतं. तो माणूस चार वर्षांनी निर्दोष सुटला, पण ती चार वर्षं त्याला परत मिळाली नाहीत, आणि त्यातला माझा वाटा मी विसरलेले नाही. तेव्हापासून पहिल्या भेटीतच विचारते, आसपास कॅमेरा कुठे आहे? त्याच दिवशी दुकानदाराला लेखी विनंती, तपासी अंमलदाराला पत्र, आणि गरज पडली तर कलम ९४ खाली न्यायालयात अर्ज. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांनाही हेच लागू. परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतल्या चित्रीकरणाची साठवण कमीत कमी एक वर्षाची असावी असं सांगितलं आहे. अटकेची खरी वेळ आणि पंचनाम्यावरची वेळ यांत तफावत असेल तर ती तिथे दिसते. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ ने आता सक्तीचं आहे. दोषारोपपत्राच्या नकला घेताना ते चित्रीकरण मागा. नसेल, तर ‘नाही’ असं लेखी घ्या.

नव्या संहितेतली मुदत वकिलांनाही बांधते, हे लोक विसरतात. दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपीला सोडावं असा, अर्ज पूर्वी आरोप ठेवेपर्यंत केव्हाही दिला तरी चालायचा. आता सत्र खटल्यात केस वर्ग झाल्यापासून साठ दिवस (कलम २५०) आणि वॉरंट खटल्यात नकला मिळाल्यापासून साठ दिवस (कलम २६२). नकला मिळाल्या त्या तारखेला गोल करा आणि पंचेचाळिसाव्या दिवशी सिनिअरांच्या टेबलावर मसुदा ठेवा. माझ्या पिढीला ‘पुढच्या तारखेला देऊ’ ची सवय आहे. ती सवय तुम्ही घेऊ नका.

फिर्यादीच्या बाजूने काम करत असाल तर दोनच गोष्टी सांगते. तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात कलम १७३(३) खाली पोलिसांना उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. तेव्हा ‘गुन्हा लगेच नोंदवलाच पाहिजे’ असं सरधोपट म्हणू नका. मात्र पंधराव्या दिवशी त्या चौकशीचं काय झालं, ते लेखी विचारा. दुसरं, दंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी जाण्याआधी पोलीस अधीक्षकांकडे केलेला अर्ज आणि शपथपत्र लागतं, आणि कलम १७५(३) मध्ये पोलिसांचं म्हणणंही विचारात घ्यायचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओम प्रकाश अंबाडकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांनी यांत्रिकपणे आदेश देऊ नयेत असं सांगितलं. तुमच्या अर्जात पोलिसांनीच तपास का करायला हवा, तक्रारदाराला स्वतः पुरावा का आणता येणार नाही, याचा एक परिच्छेद असलाच पाहिजे.

चेकच्या केसेस. खाजगी तक्रारीत दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी असं कलम २२३ म्हणतं, आणि त्यामुळे १३८ च्या, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमातल्या चेक न वटल्याच्या कलमाच्या, तक्रारींतही नोटिसा निघू लागल्या होत्या. गोव्यातून गेलेल्या संजाबिज तारी विरुद्ध किशोर बोरकर प्रकरणात २५ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं: १३८ च्या तक्रारीला दखलपूर्व नोटीस लागत नाही. त्याच निवाड्यात बरंच व्यावहारिक आहे. तक्रारीच्या सुरुवातीलाच ठरावीक नमुन्यातला सारांश जोडायचा. समन्स तक्रारदाराने हातोहात बजावायचं, शिवाय ईमेल आणि मेसेजिंग ॲपवरही, आणि बजावणीचं शपथपत्र द्यायचं. ते खोटं निघालं तर कारवाई तक्रारदारावर होते, तेव्हा आरोपीचा मोबाइल क्रमांक अशिलाकडून खात्री करून घ्या. तडजोडीचा खर्चही कमी झाला: आरोपीच्या बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी पैसे दिले तर काहीच नाही, त्यानंतर पण निकालाआधी चेकच्या रकमेच्या ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के, सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. आरोपीचे वकील असाल तर हे पहिल्या तारखेलाच समजावून सांगा. तक्रारदाराचे असाल आणि आरोपी सुटला, तर तक्रारदार हा ‘पीडित’ आहे आणि त्याला विशेष परवानगीशिवाय अपील करता येतं, हे २०२५ मध्येच सेलेस्टियम फायनान्शियल प्रकरणात ठरलं आहे.

परीक्षेबद्दल. २० मे २०२५ च्या ऑल इंडिया जजेस असोसिएशन प्रकरणातल्या निवाड्याने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजायची, आणि दाखला किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाने द्यायचा, त्यावर त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांची साक्षांकित सही. न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेलं कामही धरलं जातं. पुण्यात खोली घेऊन दोन वर्षं नुसती पुस्तकं वाचणाऱ्या मुलांना हे अन्यायाचं वाटतं, विशेषतः ज्यांच्या घरी कमावणारं कोणी नाही त्यांना. त्यांची अडचण खरी आहे, कारण ज्युनिअरला मिळणारं मानधन बसभाड्यात संपतं, आणि सिनिअर म्हणून याची जबाबदारी आमच्यावर येते. तरीही रिमांडवर सही करणाऱ्या न्यायाधीशाने एकदा तरी रिमांडला वकील म्हणून उभं राहिलेलं असावं, या मताची मी आहे. तुम्ही ही वर्षं आधीच भरत आहात, तेव्हा तुमच्यासाठी दार बंद झालेलं नाही.

तुमच्यानंतर सनद घेणाऱ्यांना एक सांगा. ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निवाड्यानंतर नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये यापेक्षा जास्त घेता येत नाही.

निवाडे शोधताना एआयची मदत घेणारे ज्युनिअर माझ्याकडेही आहेत. माझा नियम एकच आहे: ज्या निवाड्याची संपूर्ण प्रत अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून वाचलेली नाही, तो अर्जात लिहायचा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. तो अधिकारी होता, त्याला पुन्हा आदेश लिहायची संधी मिळाली. वकिलाच्या नावावर असा डाग पडला तर त्या न्यायालयात पुढची दहा वर्षं त्याचा प्रत्येक संदर्भ उघडून पाहिला जातो.

तुमचा तालुका कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आहे. जामीन फेटाळला की अशिलाला मुंबईचं भाडं आणि मुक्काम परवडत नाही म्हणून तिथेच थांबणाऱ्या केसेस मी आयुष्यभर पाहिल्या. आता सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. सिनिअरांना विचारून एकदा अटकपूर्व जामिनाच्या बोर्डाच्या दिवशी जा, मागच्या बाकावर बसा, आणि न्यायमूर्ती पहिला प्रश्न कोणत्या तारखेबद्दल विचारतात ते वहीत लिहून आणा.